दुसऱ्या झोपडीपर्यंत

पुण्यात राहून सिंहगडाचं प्रवासवर्णन लिहायचं, म्हणजे मंडईतून भाजी आणल्याचं वर्णन लिहिण्यासारखं आहे. इथले लोक दर रविवारी गडावर जातात. काही जण तर रोज पहाटे जातात आणि नऊ वाजता ऑफिसात येऊन आपल्याला ते ऐकवतातही. पण ज्यांनी अजून हा गड पाहिलेला नाही, ज्यांच्या घरात एक लहान मूल आहे आणि सत्तरी ओलांडलेलं एक माणूसही आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहितो आहे. चढ सोपा आहे. रमतगमत गेलं तरी दीड-पावणेदोन तासांत माणूस वर पोचतो आणि दुपारच्या जेवणाला घरी परत येतो. एवढ्या सोप्या सहलीत चुकायला जागा कुठे असते, असं मलाही वाटत होतं.

धायरी

आम्ही धायरीत चौथ्या मजल्यावर राहतो. मी हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो, म्हणजे आयुष्याचा बराचसा भाग रस्त्यातच काढतो. आमच्या गॅलरीतून सिंहगड दिसतो. डोक्यावर टीव्हीचा मनोरा असलेला डोंगर दिसला की तोच तो, अशी सोपी खूण आहे. दोन वर्षांपूर्वी आई गेली आणि बाबा वर्ध्याहून कायमचे आमच्याकडे आले. सगळा जन्म पाटबंधारे खात्याच्या कचेरीत कारकुनी केलेली, आणि आमच्या वर्ध्याकडची जमीन अशी सपाट की डोंगर म्हणजे पुस्तकातली गोष्ट. पहिल्याच सकाळी चहाचा कप हातात घेऊन ते गॅलरीत उभे राहिले आणि म्हणाले, "हा कोणता डोंगर होय?"

मी सांगितलं.

"हाच का तो?" असं म्हणून ते चहा गार होईपर्यंत बघत राहिले.

त्या दिवसापासून बाबांची खुर्ची गॅलरीत गेली ती तिथेच राहिली. रोज सकाळी त्यांचा वर्ध्याच्या कचेरीतला जुना सोबती, शालिककाका, फोन करतो. दोघांनाही कमी ऐकू येतं, त्यामुळे फोन स्पीकरवर असतो आणि ते संभाषण आमच्या सगळ्या मजल्याला पाठ आहे. जय भीम, जेवण, शुगर असं सगळं झालं की शालिककाकाचा शेवटचा प्रश्न ठरलेला, "गड चढला का रे?"

"चढीन ना. घाई काय आहे? समोरच तर आहे."

आणि मी आतून शर्टाची बटणं लावता लावता ओरडायचो, "एकदा जाऊ, बाबा!" हे 'एकदा' दोन वर्षं चाललं. त्या दोन वर्षांत महाबळेश्वर झालं, अलिबाग झालं, एक लांबचं लग्नही झालं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. एकदा मी म्हटलं, "गाडी थेट वर जाते बाबा, चला, आज संध्याकाळीच जाऊन येऊ." तर म्हणाले, "गाडीनं काय? गाडीनं तर गॅसचं सिलेंडरबी वर जाते. मले चढून जायचं आहे."

शेवटी डिसेंबरातला एक शनिवार ठरला. बायकोला, मृणालला, त्या शनिवारी बँक होती. त्यामुळे बाबा, मी आणि नऊ वर्षांची यशू असे तिघेच जाणार होतो. मला दुपारी बारा वाजता ऑफिसचा एक कॉल होता, म्हणून मी कामाच्या सवयीने एक तक्ता केला. वेळ, टप्पा, जबाबदारी, जोखीम, उपाय असे पाच रकाने. सहाला निघणे, पावणेसातला चढायला सुरुवात, साडेआठला शिखर, साडेअकराला घर. जोखमीच्या रकान्यात लिहिलं, 'बाबा : गुडघा'. उपायाच्या रकान्यात लिहिलं, 'दुसऱ्या झोपडीत बसवणे'. वाटेवर सरबत-ताकाच्या झोपड्या असतात हे मला माहीत होतं. मग तो कागद छापून मी फ्रिजवर लावला.

मृणाल जन्माची पुणेकर. तिने तो उभ्या उभ्या वाचला. "ऑफिसात करून पोट भरत नाही का? गडावर चालला आहात, रिलीजला नाही."

मी हसलो. आमच्या धंद्यात जोखमीच्या रकान्यात जे लिहितात ते 'असं झालंच तर' म्हणून लिहितात. होईलच असं नाही. हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. पण तो फ्रिज माझ्या ऑफिसात नव्हता, आमच्या घरात होता, आणि बाबा दिवसातून दहा वेळा त्याच्यासमोरून जात होते. बाबांच्या कचेरीचा कायदा वेगळा होता. एकदा त्यांच्या साहेबांनी चुकून 'कपाट व्हरांड्यात ठेवावे' असं लिहिलं. बाबांनी ठेवलं. पाऊस आला तेव्हा त्यावर ताडपत्री घातली, आणि दुरुस्तीचा कागद येईपर्यंत ते आत घेतलं नाही. "लेखी आहे ना? मग झालं," हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. ते त्या आठवड्यात मला एकदाही आठवलं नाही.

खडकवासल्यावरून आतकरवाडी

शनिवारी साडेपाचला मी उठलो तर बाबा अंघोळ करून, कानटोपी घालून सोफ्यावर बसलेले. पायात नवे कोरे बूट होते. "कधी घेतले?" म्हटलं. "असेच घेतले," म्हणाले, आणि यशूकडे बघून दोघंही उगाच हसले.

खडकवासल्याला पाण्यावर धुकं होतं. पलीकडचा काठ दिसतच नव्हता. बाबांनी काच खाली केली. "जरा थांबव ना राहुल, भिंत पाहू दे." सगळी नोकरी धरणांच्या कागदांत गेलेली, तर हे स्वाभाविकच होतं. "येताना थांबू," मी म्हणालो. तक्त्यात थांबा नव्हता. बाबांनी काच वर केली.

आतकरवाडीला गाडी लावली तेव्हा फटफटलं होतं. पायथ्याशी ही गर्दी! आमच्याकडे वर्ध्यात इतक्या पहाटे इतकी माणसं फक्त कुणाच्या दारात काही बरंवाईट झालं तरच दिसतात. इथे नऊवारी नेसून खाली पळायचे बूट घातलेल्या आजी मला मागे टाकून गेल्या. एक काका रोजचे असावेत. भेटेल त्याला "अजून बराच आहे हं" असं आनंदाने सांगत उतरत होते. मी घड्याळ बघतोय हे पाहून थांबले. "अहो, घड्याळ कसलं बघताय? गड काही सुटायचा नाही. बरीच वर्षं तिथंच आहे."

वाट मातीची आणि खडकाची आहे. कुठे पायऱ्यांसारखे दगड, कुठे सरळ घसरडा चढ. लहान मुलांना झेपते, फक्त मुरमावर पाय जपून ठेवावा लागतो. डिसेंबरात गवत वाळून सोनेरी होतं आणि मागे वळलं की खालचं गाव दर वळणाला थोडं थोडं लहान होत जातं. यशू शेळीसारखी पुढे पळत होती. बाबा तिच्या मागे आणि मी शेवटी.

बाबांचं चढणं जरा विचित्र होतं. मनाशी काही मोजत ते दहा पावलं चढायचे, मग एका जागी क्षणभर थांबायचे, डावा हात नसलेल्या कशावर तरी टेकवल्यासारखा करायचे, वळायचे आणि पुन्हा दहा पावलं. मला वाटलं, दम लागतोय. खरं म्हणजे ते धापाही टाकत नव्हते, पण माझं लक्ष त्यांच्या तोंडाकडे कुठे होतं? ते मनगटावरच्या घड्याळात होतं.

दुसरी झोपडी

पहिल्या झोपडीत आम्ही ताक प्यालो. दुसऱ्या झोपडीत पोचलो तेव्हा आम्ही तक्त्याच्या वीस मिनिटं मागे होतो. चार बांबू, वर प्लास्टिकचा निळा कागद, एक बाकडं, आणि काकड्या सोलत बसलेली एक मावशी. इथून दरी उघडी दिसते. बाबांनी कानटोपी काढली. "काय मस्त वारा येऊन राहिला!" त्यांचा चेहरा इतका खुललेला मी आई गेल्यानंतर पाहिला नव्हता. हे मला आज आठवतं. तेव्हा मी म्हणालो, "बाबा, तुम्ही आता इथं बसा. आम्ही पटकन जाऊन येतो."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "बसू?"

"हो, बसा ना. उगाच गुडघा दुखायचा."

"बरं," म्हणाले आणि लगेच बसले. बाकड्याच्या कडेला, कचेरीत साहेबांच्या केबिनबाहेर बसावं तसे. मला वाटलं, सुटले बिचारे, सांगायला संकोचत असतील. माणूस स्वतःच्या सोयीचा अर्थ किती झटकन काढतो!

यशू मात्र वळून परत आली. "आबा, सांगू का?"

बाबांनी मान हलवली. नाही.

"काय सांगायचंय?" मी विचारलं.

"काही नाही," दोघंही एकदम म्हणाले. मला वाटलं, चोरून चॉकलेट खाल्लं असेल.

मावशीने काकडीवर तिखट-मीठ भुरभुरलं. "चालत्यात की आजोबा. न्या की हळूहळू. आता काय लई न्हाई ऱ्हायलं."

"नको, त्यांचा गुडघा आहे," मी म्हणालो. जसा काही आम्हाला गुडघा नव्हताच.

गडावर

वरचं वर्णन करायला हवं, कारण वाचणारे त्यासाठीच वाचत असतील. शेवटचा टप्पा खडा आहे, मग दगडी दरवाजा येतो आणि एकदम सपाटी. सकाळच्या उन्हात राजगड आणि तोरणा ओळखू येतात. दुसऱ्या बाजूला खडकवासल्याचं पाणी पसरलेलं. आम्ही वर येईपर्यंत धुकं निघून गेलं होतं आणि धरणाची भिंत खडूच्या रेघेएवढी दिसत होती. यशूला सगळं दाखवलं. ती "हं" म्हणत होती.

एका झोपडीत चुलीसमोर बसलो. पिठलं, ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा, कांदाभजी आणि छोट्या मडक्यातलं दही. पिठल्याच्या बाबतीत मला घरच्या झुणक्याचा अभिमान आहे. आमच्याकडे तो कोरडा, तर्रीचा नातेवाईक शोभेल असा तिखट असतो. इथलं पिठलं सौम्य आणि पातळ, पुण्याच्या मानाने बरंच प्रेमळ. दह्याला मात्र तोड नाही.

"आबांना आवडलं असतं," यशू म्हणाली. तिने भजी नुसतीच हातात धरली होती.

तेवढ्यात फोन वाजला. बारा वाजताचा कॉल सोमवारवर गेला होता.

इथे मी क्षणभर थांबलो होतो, हे मला प्रामाणिकपणे सांगायलाच हवं. मनात आलं होतं की आता वेळच वेळ आहे. वीस मिनिटांत खाली उतरावं, बाबांना उठवावं आणि हळूहळू वर आणावं. ऊन अजून कोवळं होतं. पण समोर गरम भाकरी होती, पुन्हा तोच चढ आणि पुन्हा उतरणं डोळ्यांसमोर आलं, आणि मला एक सोपी युक्ती सुचली. मी व्हिडिओ कॉल लावला.

बाबा पडद्यावर दिसले, निम्मं कपाळ आणि निम्मा निळा कागद. "दिसतंय का बाबा?" म्हणत मी फोन गोल फिरवला.

"जरा सावकाश फिरव. धरण दिसून राहिलं का? थांब, थांब. हे का? एवढुसं दिसते?" मग चित्र अडकलं, तोंड उघडलेलं तसंच राहिलं आणि रेंज गेली.

"झालं, आबांनी पाहिलं," मी यशूला म्हणालो. तिने हातातली भजी परत ताटात ठेवली.

निघताना बाबांसाठी दह्याचं एक मडकं घेतलं. वरच्या घसरड्या वळणावर माझाच पाय सरकला, मडकं हातातून निसटलं आणि दही मातीत सांडलं. यशूने खापऱ्या गोळा करून पिशवीत भरल्या.

दुसऱ्या झोपडीत बाबा बाकड्यावर त्याच कडेला बसलेले होते. मावशी मात्र मला बघताच हसली. "तुमचं आजोबा काय बसायला तयार न्हाईत! त्या वरच्या वळणापतूर दोनदा जाऊन आलं. म्या म्हनलं, जावा की तसंच वर, मी सांगते पोराला. तर म्हनलं, न्हाई, हितंच थांबायचं ठरलंय."

मीही हसलो. "बाबांना एका जागी बसवत नाही," म्हणालो.

"दही कसं होतं?" बाबांनी यशूला विचारलं. ती त्यांच्या कमरेला मिठी मारून उभी राहिली. परतताना खडकवासल्याशी मी गाडी हळू केली, "थांबू या का?" म्हटलं. बाबा म्हणाले, "राहू दे. वरून पाहिलं ना."

पुन्हा धायरी

संध्याकाळी यशू गृहपाठ करता करता एकदम रडायला लागली. मृणालने जवळ घेतलं तेव्हा सगळं बाहेर आलं.

"आबा रोज जिने चढायचे. सगळे चार मजले, रोज पाच वेळा. मी मोजायचे. आधी दोनदाच व्हायचं, मग तीनदा, मग पाच. बाबाला सांगायचं नाही म्हणाले होते, एकदम गडावर गेल्यावर सांगू म्हणाले होते."

आमच्या जिन्याला दहा-दहा पायऱ्या आहेत. दहा झाल्या की वळण आणि डाव्या हाताला कठडा.

मी स्वयंपाकघरात गेलो. फ्रिजवरचा कागद काढून टाकावा म्हणून ओढला तेव्हा खालच्या कोपऱ्यात निळ्या शाईतलं बारीक अक्षर दिसलं. आयुष्यभर प्रत्येक परिपत्रकावर ते जे लिहीत आले तेच लिहिलं होतं, 'अवलोकन केले', आणि खाली त्यांची छोटी सही. तारीख शनिवारच्या आठ दिवस आधीची होती. म्हणजे पुढचे आठ दिवस बसायची जागा ठाऊक असूनही ते जिने चढत राहिले होते. कदाचित दुरुस्तीचा कागद येईल म्हणून.

कागद घेऊन मी गॅलरीत गेलो. "बाबा, तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? लेखी होतं ना."

"अहो, ते तसं नसतं! ते फक्त गुडघा दुखलाच तर, म्हणून लिहिलं होतं."

"हो का?" बाबांनी कागद माझ्या हातातून घेतला आणि पुन्हा वाचला. "मी समजलो, तुमचं ठरलं आहे. तुले ऑफिस, संग पोरगी. म्हटलं, आपण कायले मधात यायचं?" मग म्हणाले, "पण मी विचारलं होतं तुले. 'बसू?' म्हटलं होतं ना?"

विचारलं होतं. मी 'हो' म्हणालो होतो.

पुढच्याच शनिवारी पुन्हा जाऊ, असं मी तिथल्या तिथे जाहीर केलं. बाबा "पाहू" म्हणाले. पुढच्या शनिवारी मला काम निघालं, त्याच्या पुढच्या शनिवारी यशूला ताप आला. बाबांनी जिने चढणं बंद केलं होतं. "आता कायले?" म्हणाले. जानेवारीच्या शेवटी ते न्हाणीघरात घसरले. हाड वाचलं, पण गुडघा सुजला तो सुजलाच. डॉक्टरांनी चढउतार जपून, शक्यतो नकोच, असं सांगितलं. मी गाडीने वर नेतो म्हणालो, दोन-तीनदा म्हणालो. वरातीमागून घोडं घेऊन मी आलो होतो. बाबा रागावले नाहीत. "गाडीनं गेलो, तर मग गेलो कुठं?" एवढंच म्हणाले. नवे बूट दाराशी आहेत. त्यांच्या तळांना अजून आतकरवाडीची माती आहे आणि ती कुणी झटकलेली नाही.

मला वाटलं होतं की शालिककाकाला ते काही सांगणार नाहीत. बरेच दिवस त्यांनी प्रश्न टाळलाही. "थंडी आहे", "गर्दी राहते". गेल्या आठवड्यात मी ऑफिसला निघत होतो, गॅलरीचं दार उघडं होतं, आणि तो आवाज नेहमीप्रमाणे सगळ्या मजल्याला ऐकू जात होता.

"गड चढला का रे?"

"गेलो होतो ना," बाबा म्हणाले. "अर्ध्याच्या वर गेलो. एक झोपडी आहे तिथं. काय वारा येते शालिक, काय सांगू तुले."

"मंग वर काहून नाही गेला?"

मी बूट हातात धरून दाराआड उभा राहिलो. आता माझं नाव येणार, आणि यायलाच हवं होतं. ते आलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"माझ्यानंच नाही झालं," बाबा म्हणाले. "पोरगा तर लय मागं लागला होता. म्हणे, चला बाबा, हळूहळू जाऊ, मी आहे ना संग. दहादा म्हणाला. मीच नाही म्हटलं."

शालिककाका तिकडून म्हणाला, "नशीबवान आहेस लेका."

"हो ना," बाबा म्हणाले.

मी बूट घातले आणि खाली उतरलो. चला बाबा, हळूहळू जाऊ, मी आहे ना संग. एवढंच म्हणायचं होतं, दुसऱ्या झोपडीत, एकदा.